मलमाऐवजी गोळी
माझ्या नणंदबाईंनी तीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या. कारखान्यात बायका चाळीस आणि संडास एकच, त्याची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. मागायला गेलं की तो आधी घड्याळाकडे बघायचा. म्हणून ताई दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. कॉलरीला मात्र नाव ठेवायला जागा नसायची.

पाळी गेली आणि दुखणं मागे लागलं. दर दोन महिन्यांनी लघवीला आग, मग ताप, मग अँटिबायोटिक. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "या वयात हार्मोन कमी होतं, तिथली त्वचा कोरडी पडते आणि जंतूंचं फावतं. हे मलम आठवड्यातून दोनदा आत लावायचं."

'आत' म्हटल्यावर ताईंनी पुढचं ऐकलंच नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, "वहिनी, हार्मोन घ्यायला सांगितलंय. तू घेतेस त्या गोळ्या हार्मोनच्याच ना?"

"हो."

"मग मला त्यातल्याच दे. औषधांच्या दुकानात लेकाचा मित्र बसतो. त्याच्यापुढे ही चिठ्ठी कशी धरू?"

मला अंगातून वाफा यायच्या, त्यासाठी त्या गोळ्या होत्या. मी मोठी शहाणी, दिल्या काढून. चिठ्ठीत काय लिहिलंय, एका शब्दाने विचारलं नाही. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तीन महिने ताई निर्धास्त होत्या. आग झाली तरी "गोळीला वेळ लागतो" म्हणत अंगावर काढायच्या. एक दिवस थंडी वाजून मशीनवरच कोसळल्या. इस्पितळात नेईपर्यंत संसर्ग मूत्रपिंडातून रक्तात गेला होता. मी गोळ्यांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, त्या गोळीने हा त्रास थांबत नाही. त्यासाठी मलमच लागतं. मी त्यांना बजावलं होतं."

पाचव्या दिवशी ताई गेल्या.

भेटायला येणाऱ्यांना लेक सांगत होता, "ताप डोक्यात गेला." माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "लघवीचा संसर्ग झाला होता. लाजेपायी गेल्या त्या." बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

थोड्या वेळाने ताईंच्या शेजारच्या मशीनवरच्या दोघी माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. एकीने हळूच विचारलं, "त्या मलमाचं नाव काय हो?"

मी कागद शोधायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"लिहू नका. घरात कुणाच्या तरी हाती लागेल."