शेवटपर्यंत ऐकणारा माणूस

सांडूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कंपनीच्या बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ते हातात एक वायर धरून बसले होते. वायरचं एक टोक त्यांच्या मोबाइलला आणि दुसरं बसच्या स्पीकरला. मी डिप्लोमा करून चितेगावच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. आमच्या घरात कंपनीच्या बसने कामाला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे बसमध्ये काय चालतं ते मला माहीत नव्हतं. वाटलं, गाणी लागतील. पण लागला तो एका बाईचा आवाज. मिक्सर जळतो तेव्हा आत नेमकं काय जळतं, ते ती सांगत होती, आणि सगळी बस गप्प बसून ऐकत होती.

'खोलून बघू' असं त्या पॉडकास्टचं नाव. दर बुधवारी नवा भाग यायचा. मृण्मयी नावाची मुलगी एखादी वस्तू खोलायची आणि चिन्मय तिला आपल्याला पडतील तसे प्रश्न विचारायचा. इन्व्हर्टर, चार्जर, बोअरचा स्टार्टर, लिफ्ट. बीड बायपासवरून बस निघाली की भाग सुरू व्हायचा आणि चितेगावच्या गेटपाशी संपायचा. वेळ उरला तर ड्रायव्हर पुंजाराम बस हळू घ्यायचा, पण भाग तोडायचा नाही.

ते २०१८ साल. पाऊस नावालाच झाला होता. सांडूभाऊ मूळचे देवगाव रंगारीचे, पण घर बांधलं ते शहराच्या कडेला, सातारा नावाच्या वस्तीत, गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या म्हणजे गुंठेवारीच्या एका गल्लीत. नळ तिथं पोचला नव्हता. गल्लीतल्या आठ घरांनी मिळून एक बोअर घेतला होता. पुढच्या उन्हाळ्यात बोअरमधलं पाणी मध्येच संपायचं, मोटर कोरडी फिरायची आणि जळायची. सांडूभाऊंनी 'खोलून बघू'च्या नंबरवर आवाजी निरोप पाठवला: पाणी संपलं हे मोटरला कसं कळवायचं?

पुढच्याच बुधवारी मृण्मयीने त्यांचं नाव घेतलं. कोरडी मोटर हलकी फिरते, हलकी फिरली की वीज कमी ओढते, ते ओळखून बंद होणारी डबी कशी करायची, हे तिने अख्ख्या भागात सांगितलं. पुंजारामने बस रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि सांडूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. आठवडाभरात त्यांनी डबी बनवून बोअरला बसवली. पाणी संपलं की ती मोटर बंद करायची. त्यानंतर मोटर एकदाही जळली नाही. कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट विभागात होते, त्यांच्या हाताखाली मोजमापाची महागडी यंत्रं होती, पण त्या डबीएवढा अभिमान त्यांना कशाचाच नव्हता.

नंतरची वर्षं पावसाची गेली. शहर बायपासच्या पलीकडे सरकलं, शेतांमध्ये इमारती उभ्या राहिल्या, पैठण रोडच्या कडेला नव्या पाणीयोजनेचे भलेमोठे पाइप येऊन पडले. 'खोलून बघू'सुद्धा मोठं झालं. आधी जाहिराती आल्या. मग पाहुणे आले, ते आपापल्या कंपन्यांमध्ये कोणी किती पैसा घातला ते सांगायचे. मग प्रत्येक भागात नवा फोन. मग वर्षभर एकच विषय, की यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार की नाही. मृण्मयीचा आवाज कमी कमी होत गेला आणि एका बुधवारी तो आलाच नाही. चिन्मयने त्याबद्दल काही सांगितलं नाही.

बसमधलं कोणी भांडलं नाही. एकेकाने कानात स्वतःचे इयरफोन घातले, एवढंच. मीही घातले. बॉयलर-पाणी बघणाऱ्या युटिलिटी विभागातले साहेबराव, जे पूर्वी भाग संपल्यावर प्रश्न विचारायचे, ते आता झोपायचे. पुंजारामने आवाज इतका कमी केला की इंजिनच्या आवाजात तो ऐकू यायचा नाही. वायर मात्र रोज जागेवर असायची.

एकदा रविवारी सांडूभाऊंकडे जेवायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या कोनाड्यात मोबाइल ठेवलेला, त्यातून चिन्मय बोलत होता. आम्ही बाहेर ओट्यावर होतो. ऐकायला तिथं कोणीच नव्हतं. आशावहिनी म्हणाल्या, "बघा, भिंतीला इंजिनिअर करायचा इचार आहे यांचा."

सांडूभाऊ हसले, पण उठून बंद केलं नाही. मग मला त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचे. एका दुष्काळी वर्षी निम्मं गाव कामासाठी बाहेर गेलं होतं, ऐकायला कोणी नव्हतं, तरी वडील रोज पूर्ण अध्याय वाचायचे. आणि जो ऐकायला बसला, त्याने अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीत. मध्येच उठलं तर वाचणाऱ्याचा अपमान. सांडूभाऊ लहान असताना एकदा मध्येच उठले तर वडिलांनी वाचता वाचता नुसतं बघितलं होतं. "त्यांनी आपलं नाव घेतलं व्हतं," ते 'खोलून बघू'बद्दल म्हणाले. "आता त्यांचे दिवस बरे नसतील. म्हणून काय उठून जायचं?"

२०२३ साली पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीचा बोअर सकाळीच धापा टाकायला लागला. डबी मोटर बंद करायची. आठ घरांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. आधीच्या घरांना पाणी मिळायचं आणि शेवटच्या घरांच्या पाळीला डबी मोटर बंद करायची. शेवटचं घर कडूबाचं. कडूबा रिक्षा चालवायचा, सांडूभाऊंना मोठ्या भावाच्या ठिकाणी मानायचा. तोच एक दिवस गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, पाणी नाय संपत. तुमची डबी संपवते. तुमच्या पाळीला कशी चालते मग?"

सांडूभाऊंची पाळी दुसरी होती, त्यामुळे त्या वेळी पाणी असायचंच. हे त्यांनी सांगितलं. पण सांगून पटण्याची वेळ गेली होती. लोक म्हणाले, मे संपला की डबी काढून टाकू. डबी काढली तर मोटर जळणार आणि नवी घ्यायला गल्लीची तयारी नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सांडूभाऊंनी पाण्यात लबाडी केली, हे गल्लीत कायमचं राहणार होतं.

बोअरमध्ये खाली पाणी किती आहे हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं असतं तर वाद मिटला असता. ते कसं दाखवायचं? मी म्हटलं, इंटरनेटवर शोधू. त्यांनी मान हलवली आणि 'खोलून बघू'च्या त्याच जुन्या नंबरवर निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा पाठवला. निरोप पोचल्याच्या खुणा दिसायच्या, ऐकल्याची दिसायची नाही. "कामात असतील," ते म्हणायचे. मला राग यायचा. ज्यांनी एकदा सांगितलं तेच पुन्हा सांगतील, हा विश्वास त्यांना हात चालवू देत नव्हता.

मे महिन्यात चिन्मय शहरात येणार असं कळलं. एका कॉलेजच्या सभागृहात लोकांसमोर भाग रेकॉर्ड होणार होता. सांडूभाऊंनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत एक डबी घेतली. बोअरवरची नव्हे, सुटे भाग जमवून तशीच दुसरी बनवली होती, दाखवायला. मी सोबत होतो.

भाग नव्या फोनवर झाला. बरेच जण मध्येच उठून गेले. आम्ही शेवटपर्यंत बसलो. मग सांडूभाऊ स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेले आणि पिशवीतून डबी काढून चिन्मयच्या हातात दिली.

चिन्मय चांगला मुलगा निघाला. त्याने डबी उलटसुलट करून बघितली आणि त्याला तो भाग आठवला. बोअरमधलं पाणी कसं दाखवायचं, हा प्रश्न ऐकून मात्र तो ओशाळला. म्हणाला, "ते सगळं मृण्मयीला यायचं, काका. निरोपांचा फोनही तीच बघायची. ती काम सोडून गेल्यापासून तो ऑफिसच्या कपाटात चार्जिंगला आहे. कोणी उघडत नाही."

सांडूभाऊंनी विचारलं, तुम्ही खोलायचं का सोडलं?

चिन्मयने सरळ उत्तर दिलं. त्यांना प्रत्येक भागाचे आकडे दिसतात, कोण कुठपर्यंत ऐकतं ते कळतं. नवे लोक आले, पाच मिनिटांत गेले. "पण तुमच्यासारखे जुने लोक शेवटपर्यंत ऐकत होते. एकही भाग तुम्ही मध्ये सोडला नाही. मृण्मयी म्हणायची, आपण चुकतोय. मी तिला हेच आकडे दाखवायचो. म्हणायचो, बघ, जुन्यांना आवडतंय."

"मी लावून ठेवायचो," सांडूभाऊ म्हणाले. "ऐकत नव्हतो."

"मग बंद का नाही केलंत?"

"अध्याय अर्धा सोडून कसं उठावं, साहेब?"

चिन्मयला ते कळलं की नाही, माहीत नाही. त्याने डबी परत दिली आणि निरोपांसाठी नवा नंबर दिला. सांडूभाऊंनी ती पिशवीत ठेवली आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "त्या पोरीचं खरं व्हतं. मी तिच्याविरुद्ध साक्ष दिली."

बुधवारी बसमध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे वायर जोडली. बस नक्षत्रवाडीला पोचेपर्यंत चिन्मय इंजिनच्या आवाजाखाली बोलत होता. मग सांडूभाऊंनी वायर काढली. पुंजारामने आरशातून बघितलं. दोन-तीन जणांनी कानातले इयरफोन काढले, काय झालं ते बघायला. जो आवाज ते ऐकत नव्हते, तो थांबला हे मात्र त्यांना ऐकू आलं.

सांडूभाऊ उभे राहिले आणि बसला उद्देशून म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. बोअरमधलं पाणी वरून कसं मोजावं?"

पैठण रोडवरचे पाइप खिडकीबाहेरून मागे जात राहिले. कोणी म्हणालं, दोरीला दगड बांधा. कोणी म्हणालं, मोटरचा पाइप आडवा येतो, दोरी अडकते. साहेबराव डोळे चोळत म्हणाले, "आपल्या ॲसिडच्या टाकीचं कसं बघता हो तुम्ही रोज?"

सांडूभाऊ खाली बसले. कारखान्यातल्या ॲसिडच्या टाकीत एक नळी सोडलेली आहे. नळीतून हवा ढकलतात. टाकीत जितकं जास्त ॲसिड, तितका हवेला बाहेर पडायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर काट्यावर दिसतो. तो काटा सांडूभाऊ रोज तपासायचे.

रविवारी आम्ही बोअरमध्ये वजन बांधून बारीक नळी सोडली, वरच्या टोकाला एक जुना काटा आणि सायकलचा पंप जोडला. काय होणार ते सांडूभाऊंनी आधी सगळ्यांना समजावून सांगितलं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हातचलाखी केली. पंप मारायला कडूबालाच लावलं. पहाटे, सगळ्या पाळ्यांच्या आधी, काटा थोडा चढला आणि थांबला. तीन घरं झाल्यावर पुन्हा पंप मारला. या वेळी काटा जेमतेम हलला. कडूबाने जोर लावला, तरी काटा तिथंच. त्याने पंप सोडला.

"म्हणजे पाणी नायच," तो म्हणाला.

"नाय," सांडूभाऊ म्हणाले.

ते जिंकले होते, पण गल्लीत कोणाचाच चेहरा उजळला नाही. जमिनीखाली काय उरलं आहे ते आठही घरांनी एकदम बघितलं होतं. थोड्या वेळाने कडूबाच म्हणाला, पाळ्या उलट्या करू, एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. डबीबद्दल कोणी बोललं नाही. ती अजून तिथंच आहे.

'खोलून बघू' अजून दर बुधवारी येतं. सांडूभाऊ थोडं ऐकतात. नाही पटलं की थांबवतात आणि निरोप पाठवतात, आता चिन्मयने दिलेल्या नव्या नंबरवर. त्यात तक्रार नसते. फक्त सांगितलेलं असतं, की आज मी या वाक्याला उठलो.