आमचं दळण मागून

“ढिवराचा डबा तिकडं, भिंतीपाशी,” चक्कीवाला म्हणे. माह्याकडं पाहेही नाही. माहा गव्हाचा डबा पायानंच सरकवे, दारातलं कुत्रं सरकवल्यावाणी.

आम्ही ढिवर. नवरा तलावात जाळं टाकते, मी मासोळ्या घेऊन सिहोऱ्याच्या बाजारात बसतो. गावात चक्की एकच, लाइटवरची. आईचं जातं कवाचंच फुटलं. लाइट आली म्हणून दुसरं घेतलं नाही, जातं सुटलं, अन् जातं सुटलं म्हणून मले त्याच्या दारात उभं राहणं आलं.

मागून काहून, ते सांगतो. एकाचं दळण झालं का चक्कीत थोडं पीठ राहते. ते पुढच्याच्या पिठात उतरते. आमच्या हाताले मासोळीचा वास, म्हणून आमचं कोणाच्या पिठात उतरू नाही. सगळ्याईचं मात्र आमच्यात उतरते. गावभराचं पीठ खाल्लं मी, बापा! तवा कोणाले वास नाही आला.

अन् लाइटचा काही भरवसा नाही. माहा नंबर लागला का चक्की घरघर करत बंद पडे. चक्कीवाला हात झटके, “आता मी का करू वं?” पोरगी घरी पोळी मागे. किती खेपा मी तिले पुन्हा भातच वाढला.

एका सकाळी मी सगळ्यात पहिली गेली. शटरही उघडलं नव्हतं. संगं पोरगी, सात वर्षांची. शटर उघडल्यावर मी डबा तिच्या हाती दिला. तिनं कोणी न सांगता तो भिंतीपाशी नेऊन ठेवला. मंग माह्याकडं पाहून हासली. शाबासकी पाहिजे होती तिले.

हे मीच शिकवलं इले, रोज तिच्यासमोर गुमान उभी राहून.

तोवर बाया जमल्या. चक्कीवाल्यानं बटन दाबलं. मी डबा उचलला अन् सगळा गहू चक्कीच्या तोंडात ओतला.

“अवं ए! तुहं मागून!”

“मागून काहून? पहिली मी आली.”

“लोकाईच्या पिठात जाते ना तुमचं!”

“लोकाईचं आमच्यात येते, ते चालते?”

त्यानं खटकन बटन बंद केलं. झाली पंचाईत! गहू दगडात गेला होता. माहा निघाल्याशिवाय कोणाचाच दाणा आत जाऊ शकत नव्हता. मी पोरीले घेऊन उंबऱ्यावरच बसली. लाइट चालू, चक्की बंद. बाया डबे धरून उभ्या. कोणी मले शिव्या दिल्या, कोणी त्याले. शेवटी मोठ्या घरची बाई वैतागली, “चालू कर ना बाबा! पाहुणे बसले घरी, लाइट गेली तं का वाढू त्याईले?”

त्यानं बटन दाबलं. माहं पीठ निघालं. मंग त्या बाईचं दळण पडलं. मी मुद्दाम पाहत उभी राहिली.

निघताना तो म्हणे, “पुढच्या खेपेले इथं पाय ठेवू नको.”

आता डब्यातलं पीठ तळाले लागलं. बटन त्याच्या हाती आहे, मले माहीत आहे. पण उद्या मी तिथंच जाईन, शटर उघडायच्या आधी. पोरीले सांगून ठेवलं, “डबा चक्कीपाशी ठेवजो. भिंतीपाशी दिसला तं मार खाशील.”