सलमाखालांच्या ताटातली वटवाघळं

ओमानमधल्या अझैबाच्या आमच्या घरात सामान मोजकंच होतं, पण किस्से डब्यातल्या फुलवातींसारखे साठत गेले. एक काढावा तर दोन-चार चिकटून येतात. बहुतेक सगळे खालच्या मजल्यावरच्या सलमाखालांचे. त्या आमच्या घरमालकीण, वयस्कर ओमानी बाई. हिंदी छान बोलायच्या. आजोबांनी चीनहून आणलेली जुनी बादशाही ताटं त्यांच्या काचेच्या कपाटात होती.

*

पिवळं ताट पहिल्यांदा पाहिलं. कडेने शंख, कमळ, चक्र, मासे. माझे हात आपोआप जुळले.

शेजारच्या, मूळच्या रत्नागिरीच्या नफिसाभाभी म्हणाल्या, "वहिनी, नमस्कार केलात, आता यात जेवायचं कुणी?"

"यात फक्त बादशहा जेवायचा," खाला म्हणाल्या. "तो गेला. ताट अजून वाट बघतंय."

*

ताटावरच्या ड्रॅगनच्या पायाला पाच नखं असली तर तो बादशहाचा, चार असली तर धाकट्या मानकऱ्याचा, असं खालांनी सांगितलं. आमचे हे चष्मा पुसून म्हणाले, "म्हणजे ग्रेड तिथेही होत्या." ह्यांचं प्रमोशन तेव्हा अडकलं होतं.

*

एका ताटात ढगांमध्ये लाल वटवाघळं. मी दचकलेच. "खाला, घरात हे अशुभ हो."

"चीनमध्ये शुभ. पाच वटवाघळं, पाच सुखं. दीर्घ आयुष्य, दौलत, तब्येत, नेकी." पाचव्यावर बोट ठेवून त्या हसल्या. "आणि वेळ आली की शांतपणे जाणं. हे माझं लाडकं."

मला ते मुळीच आवडलं नाही.

*

मग खालांच्या डोळ्यांवर धुकं आलं. "बेटी, वटवाघळं उडाली," त्या म्हणाल्या. ऑपरेशन ठरलं, पण डॉक्टर खात्री देईनात. मी सोमवार धरले.

नफिसाभाभी म्हणाल्या, "उपास तुम्ही करा, दुवा मी मागते. साबुदाण्याची खिचडी मात्र दोघींची."

*

संध्याकाळी खाला ताट मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी सांगायची: इथे कमळ, इथे ढग, इथे चंद्र.

"चंद्र? माझ्या ताटात चंद्र नाही."

"आज आलाय, खाला. खिडकीतून."

त्या बराच वेळ तिथेच बोट फिरवत राहिल्या.

*

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. खालांची पट्टी निघाली होती, पण कितपत दिसतं ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. मी दारात चैत्रांगण काढलं. शंख, कमळ, कासव, गाईची पावलं. आणि कोपऱ्यात लाल रांगोळीची वटवाघळं.

हे म्हणाले, "अगं, गौरीपुढे वटवाघळं?"

"पाहुणी आहेत," मी म्हटलं.

खाला भाभींचा हात धरून आल्या, दाराशी थांबल्या. हात सोडवून सावकाश खाली वाकल्या. बोट हवेतच एकेका वटवाघळावरून फिरत गेलं.

"चारच आहेत," त्या म्हणाल्या. "पाचवं विसरलीस."

"आत या, खाला," मी म्हटलं. "पन्हं घ्या."