खुळखुळणारं घड्याळ

माझ्या सासऱ्यांनी लग्नात ह्यांना दिलेलं मनगटी घड्याळ होतं. माजलगावच्या बाजारात सेलवर चालणारी घड्याळं आली, तसं ह्यांनी ते कपाटात टाकलं आणि ते बंद पडलं. पारख मी केली. कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. आतला भाग तुटलाय, असा निकाल मी देऊन टाकला. त्या वयात मला सगळ्यातलं कळायचं.

दारात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली. मी साडीऐवजी ते घड्याळ पुढं केलं आणि स्टीलचा मोठा डबा मागितला. तिनं घड्याळ मनगटावर चढवलं आणि डबा किती दणकट आहे ते दाखवायला त्यावर बुक्क्या मारत राहिली. मग म्हणाली, "वैनी, बंद कशाचं? हात हलला की पळायलंय हे."

संध्याकाळी सासरे शिरूर कासारहून येणार होते आणि आल्या आल्या ते घड्याळच बघायला मागणार.

"काढ ते," मी म्हणाले.

"सौदा झालाय की, वैनी."

शेवटी माझ्या जरीच्या साडीवर ती मानली. घड्याळ पुन्हा थांबू नये म्हणून मी ते हातात घालून दुपारभर झाडलेलंच अंगण झाडत बसले.

सासऱ्यांनी घड्याळ कानाशी धरून हलवलं. "आतलं वजन कसं मोकळं फिरतंय. त्याच्यावरच चालतं हे. लई जपलंस, सूनबाई."

मी नव्या डब्यातला लाडू त्यांच्यापुढं ठेवला.