आईला सांगायचा भाव

आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानात मोजलेली आणि एक आईला सांगायची. मिक्सर असो, गिझर असो, वाय-फायचा राउटर असो, बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शिरण्याआधी मी जिन्यातच थांबते आणि खोक्यावरचं किमतीचं लेबल नखाने खरवडून काढते. मग आत जायचं. आई विचारते, "कितीक गो?" की निम्मी किंमत सांगायची, आणि तोंड अगदी साधं ठेवायचं.

सुरुवात आईमुळेच झाली. बाबांची गिरणी बंद पडल्यावर तिने मसाले कुटून घर चालवलं, बाबा गेल्यावरही चालवलं, आणि महाग वस्तू वापरायची तिची सवयच गेली. खरी किंमत कळली की वस्तू परत खोक्यात आणि खोकं माळ्यावर. पहिला मिक्सर आणला तेव्हा मी खरं बोलून बसले. "पैसे काय झाडाक लागतत?" म्हणाली, आणि दुखऱ्या खांद्याने पाट्यावर खोबरं वाटत राहिली. त्यानंतर मी शहाणी झाले. शहाणी कसली, डोंबल!

कारण पुढे पुढे ते आईसाठी राहिलंच नाही. मला भाव करताच येत नाही. दुकानदार म्हणेल ती किंमत मी मुकाट्याने देते, वर थँक्यू म्हणते. पण आईच्या तोंडून साऱ्या बिल्डिंगमध्ये पसरलं होतं की हिच्यासारखी घासाघीस कोणाला जमायची नाही. "दुकानदार रडकुंडीला येतो हो," आई सांगायची, आणि मी शेजारी उभी राहून लाजल्यासारखं करायची. फार बरं वाटायचं ते. ऑफिसात माझं कौतुक करायला कोण बसलंय!

समोरच्या दारात मावशी राहतात. मूळच्या मराठवाड्यातल्या, आईपेक्षा वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी नवा फ्रिज घेतला तेव्हा किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला. "तुला सरळ लुटलं गं! माझ्या पोरीला विचारायचं ना!" मावशींचा चेहरा पडला. पेढा हातात घेऊन मी तिथेच होते. तो गुपचूप तोंडात टाकला.

गेल्या वर्षी आईसाठी टॅब घेतला. गावच्या मामीशी व्हिडिओवर बोलायला तिला फोन छोटा पडत होता. अकरा हजाराचा होता. मला त्या दिवशी काय चेव आला कोण जाणे, मी ठोकून दिलं, "चार हजार." आईने टॅब उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "बाबांका सांगूक होया होता गो." गेलेल्या बाबांना सांगावं एवढं कौतुक! ते ऐकून तरी मी गप्प राहायला नको होतं.

यंदा मावशींच्या नातीला अभ्यासासाठी टॅब हवा होता. मावशी भिशीचे पैसे लागले की बघू म्हणत होत्या. आईने त्यांना थांबूच दिलं नाही. "चार हजारात मिळतो. मी शब्द देते. चल माझ्याबरोबर, माझ्या पोरीने घेतला त्याच दुकानात." मला दोघींनीही काही सांगितलं नाही. मला सुट्टी काढायला लागू नये म्हणून.

दुपारी मी अंधेरीला ऑफिसात डबा खात होते. आईचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकलेला, मागे दुकानातला गलका.

"सांग गो ह्येंका, आपलो टॅब कितीक घेतलंस तां. हे माका खुळ्यात काढतत."

मागून दुकानदार हसत म्हणाला, "मॅडम, आप ही समझाओ माताजी को. चार हजार में तो इसका डब्बा आएगा." दोघं-तिघं हसले. त्यातून मावशींचा आवाज आला, "जाऊ द्या ताई, चला घरी."

"जाऊ द्या काय? माझी पोरगी खोटं बोलते की काय? सांग गो!"

माझी वाट लागली. घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "आई, आवाज कट होतोय. मीटिंगमध्ये आहे, नंतर करते." आणि फोन ठेवला.

ठेवला! भर दुकानात, हसणाऱ्या लोकांत, सत्तरीच्या आईला एकटं पाडून. ऑफर संपली असेल एवढं म्हटलं असतं तरी तिची लाज राहिली असती. एवढी वर्षं सराईतपणे थापा मारणाऱ्या बाईला ऐन वेळी एक कामाची थाप सुचू नये? पुन्हा फोन केला, तो तिने उचलला नाही. नंतर दिवसभर मला कोणाकडे वर तोंड करून बघवेना. संध्याकाळी रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं, आज सगळं ओकून टाकायचं. आधी आईपुढे, मग मावशींपुढे. नाक कापलं गेलं तर जाऊ दे, तिचं तर कापून बसलेच होते.

घराला कुलूप नव्हतं, पण आत आई नव्हती. समोरचं दार उघडं होतं, तिथून तिचा आवाज येत होता. मी चपला न काढता पॅसेजमध्येच थांबले.

"पोरीने बरोबर सांगितलं होतं गं," आई म्हणत होती. "अकराच सांगितले होते. माझ्याच डोक्यातून गेलं. हल्ली असंच होतं माझं, काही लक्षात राहत नाही. तुझ्या फ्रिजचंही मी उगाच बोलले. मनात ठेवू नकोस."

हे माझी आई म्हणत होती. लग्नात कोणी कुठलं भांडं दिलं आणि ते कितीला मिळत होतं, हे तिला आजही तोंडपाठ आहे. मी फोन ठेवला त्या क्षणीच तिला सगळं कळलं असणार. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती स्वतःला खुळी ठरवून घेत होती, तेही जिला तिने शब्द दिला होता त्या बाईसमोर.

मी दारात गेले. तोंड उघडलं, खरंच उघडलं. पण मावशीच उठल्या आणि माझा हात धरून मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. डोळे भरले होते त्यांचे.

"माझं काही नाही गं, टॅब काय, आज ना उद्या घेऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ताईंना आता एकटीला बाहेर पाठवू नकोस. विसरायला लागल्यात त्या. डॉक्टरला दाखव."

आई खाटेवर बसली होती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. नुसती मान हलवली, एवढीशी. नको बोलू म्हणून.

"हो मावशी," मी म्हटलं. "दाखवते."

मावशींनी डोळे पुसले आणि आईकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे हो ताई तुमची."

"आहेच," आई म्हणाली.