पाठ फिरवून ऐकणारे सर

आष्ट्याच्या आमच्या कराटे वर्गात प्रत्येक बेल्टसाठी दोन परीक्षा असायच्या. खरी साताऱ्याला, परीक्षकांसमोर. त्याआधीची शाळेच्या हॉलमध्ये, सरांसमोर. समोर म्हणायचं एवढंच, कारण फौजेतून निवृत्त झालेले आमचे सर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांच्या पाठीमागे आम्ही काता करायचो, म्हणजे ठोसे आणि लाथांचा ठरलेला क्रम. प्रत्येक वळणावर कवायतीसारखा पाय आपटायचा, ही त्यांचीच शिस्त. त्या आवाजावरून कुणाचं कुठं चुकतंय ते ओळखायचे.

"डोळं फसवत्यात. पाय खोटं बोलत न्हाईत," असं म्हणायचे.

शेवटी फक्त "जा" किंवा "अजून न्हाई."

ब्लॅक बेल्टसाठी मला तीनदा "अजून न्हाई" मिळालं. तिसऱ्यांदा मी विचारलंच, "सर, चुकलं कुठं?"

"चुकलं न्हाई. घाई हाय. यष्टी सुटतीया का तुजी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला मिरजेच्या कॉलेजात पाठवायला वडील तयार नव्हते, तेव्हा सर घरी आले होते. "आवं, पोरगी बसनं जाईल, बसनं यील. वाटंत कोण आडवं आलं तर त्येचीच काळजी करा," म्हणाले. वडील हसले आणि तिथंच ठरलं. माझी पदवी त्या एका वाक्यावर उभी आहे.

चौथ्यांदा माझं ऐकण्याआधी सर गेले. सकाळी फिरून आले, अंगणातल्या खुर्चीत बसले, ते उठले नाहीत. त्यांच्या घरी मी आलेल्यांना चहा दिला, कप विसळले, पुन्हा दिला. रडू आलं नाही. नंतर येईल असं वाटलं होतं. नंतरही आलं नाही.

वर्ग चालवायला ब्लॅक बेल्ट लागतो आणि सरांनंतर वर्गात सगळ्यांत पुढे मीच होते. मी पास झाले नाही तर हॉलला कुलूप लागणार होतं. म्हणून "जा" न ऐकताच साताऱ्याला गेले.

या वेळी परीक्षक नवे होते. पहिल्या वळणावर पाय आपटला आणि त्यांनी हात वर केला.

"हे काय? परेड आहे का?"

"आमच्या सरांनी असंच शिकवलंय."

"इथं चालणार नाही. पहिल्यापासून करा. आवाज नको."

मी पहिल्यापासून केलं. प्रत्येक वळणावर पाय आपोआप उचलला जायचा, तो मी हळूच ठेवत गेले. पास झाले. कुणीतरी कमरेला पट्टा बांधला, कुणीतरी फोटो काढला. फोटोत मी ओळखपत्रावरच्यासारखी दिसते. स्टँडवर उसाचा रस घेतला. गोड होता, एवढं कळलं.

रविवारी वर्ग भरला. पुढच्या बेल्टला बसणारी नववीतली एक मुलगी पुढे आली.

"ताई, माझं ऐकता का? सर ऐकायचे तसं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. सर जिथं उभे राहायचे तिथं फरशी थोडी गुळगुळीत झाली आहे. मागून पाय आपटू लागले. एक, दोन, तिसऱ्या वळणाला किंचित उशीर. मला स्पष्ट कळत होतं. सरांना माझं काय कळत असेल, तेही तेव्हाच कळलं. ती खरंच घाई होती.

पण साताऱ्याला आता हे चालणार नव्हतं.

"थांब. परत कर. पाय आपटू नकोस."

"आवं ताई, मग तुमाला कळंल कसं?"

"कर तू."

तिनं सुरुवात केली असावी. पंख्याची घरघर ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. मागे ती कुठवर पोचली, कशी वळली, काहीच समजेना. मी थोडा वेळ भिंतीकडे बघत तशीच उभी राहिले.

मग वळले आणि तिच्याकडे बघायला लागले.