पोटावी स्वतःशी बोलायचा

मी निमलष्करी दलात हवालदार होतो. शेवटची पोस्टिंग गडचिरोलीत मिळाली, हेमलकशाच्या पुढे, भामरागडच्या जंगलात. माझं गाव माजरीजवळ, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात. घरच्यांना वाटलं, माणूस जवळ आला. कॅम्पवर मोबाइलला रेंज नव्हती, पावसाळ्यात नाल्यांनी रस्ता बंद व्हायचा. जवळ कसला?

माझ्या सेक्शनमध्ये सीताराम पोटावी नावाचा जवान होता. एटापल्ली तालुक्यातला माडिया आदिवासी. सुरुंग शोधायचा माइन डिटेक्टर त्याच्याकडे असे, म्हणजे रस्ता तपासताना सगळ्यांत पुढे तोच. चालताना तो स्वतःशी बोलायचा. "हात ठीक हाय. कान ठीक हाय. हळू चाल, सीताराम. चालला. चांगला चालला."

माझं डोकं फिरायचं.

"पोटावी, तोंड बंद. गस्त आहे, भजन नाही."

"मी बोललो नाई तर भेव बोलते, साहेब. मंग त्याचंच आयका लागते."

मी त्याला गप्प करायचो. दहा पावलं गेली की पुटपुटणं पुन्हा सुरू. माझ्या स्वतःच्या डोक्यात दिवसभर शिव्या चालत. रेशनला, उकाड्याला, वरच्या साहेबांना, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला.

त्या दिवशी नाल्यावरच्या पुलासाठी मशीन येणार होतं. त्याच्याआधी रस्ता तपासून मोकळा करायला, रोड ओपनिंगला, आम्ही सकाळीच निघालो. वळणावरच्या मोरीजवळ पोटावीने मूठ वर केली. आम्ही थांबलो, आडवे झालो. त्याला वायर दिसली होती. तो शांतपणे मागे सरकला आणि रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली त्याचा पाय पडला. दुसरी माइन तिथे होती. मोरीतली दाखवायची, खरी झाडाखाली. ज्याने लावली त्याला माणूस मागे कसा सरकतो हे माहीत होतं. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

टेकडीवरून फायर आला. आम्ही उत्तर दिलं. थोड्या वेळाने समोरचा फायर थांबला. मी पोटावीपर्यंत सरपटत गेलो. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पोटातही छर्रे होते. मांडीला पट्टा आवळला आणि वायरलेस सेट उचलला.

"अल्फा वन. एक कॅज्युअल्टी, गंभीर. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"अल्फा वन, वेट. ढग खाली आहेत. ओव्हर."

सेटवर शिवी द्यायची नसते. मी दिली.

पोटावी बोलत होता. "श्वास घे, सीताराम. घेतला. आता दुसरा. तोबी घेतला." मग आवाज गेला. ओठ हलत होते, डोळे माझ्यावर होते. त्याला काय हवंय ते मला कळलं.

"श्वास घे, सीताराम!" मी ओरडलो. "घेतला. शाब्बास. आता दुसरा घे." परेडवर रिक्रूटला झापावं तसा मी ते बोलत होतो. तो घेत होता. ढग वर सरकले, चॉपर उतरलं. स्ट्रेचरवर चढवला तेव्हा तो श्वास घेत होता. हवेतच गेला.

मी निवृत्त झालो. मोबाइलवर सकाळी सकाळी फुलांचे फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं, सकारात्मक राहा. गावातल्या एका कार्यक्रमात वक्ता म्हणाला, आरशात बघून रोज म्हणा, माझ्या आयुष्यात सगळं छान आहे. मी उठून बाहेर आलो. सगळं छान आहे असं पोटावी एकदाही म्हणाला नव्हता. जे करायचं ते तो स्वतःला सांगे, केलं की स्वतःला शाबासकी देई. त्यात खोटं काही नव्हतं.

एका सकाळी कोळशाच्या ट्रकचा हॉर्न थांबेना. मी चहाचा कप भिंतीवर फेकला. सुनंदा, माझी बायको, गोठ्यातून आली.

"कोनावर वरडून राह्यले जी? इथी दुश्मन नाई. मी हाय अन् हे म्हैस हाय."

मी उभाच राहिलो. मग तोंडातून आपोआप निघालं. "खाली बस, रमेश. बसला. काचा उचल. उचलल्या. शाब्बास."

"कोनाशी बोलून राह्यले?"

"माझ्याशीच."

तिने दुसरा कप आणून ठेवला. तेव्हापासून रोज बोलतो. ओरडणं पुष्कळ कमी झालं. त्या झाडाखालच्या माइनचा राग कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मी स्वतःला कधी सांगितलेलं नाही.

पोटावीच्या गावाने त्याच्या नावाने दगड उभा केला, त्यांच्यात मेलेल्यासाठी करतात तसा. मी गेलो होतो. दगड उंच होता, दोरांनी ओढावा लागला. मी एक दोर धरला. त्याचा बाप डोलू माझ्या पुढे होता. वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही काऊन वढता? हात सोलन."

"सोलू दे," मी म्हणालो.

दगड उभा राहिला. त्यावर काही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. जवान सीताराम डोलू पोटावी.